पुण्यात जुना फ्लॅट घेताय? टोकनचा चेक फाडायच्या आधी हे वाचा

ओळखीतलं कोणीही रिसेल फ्लॅट बघायला लागलं की मला फोन येतो, कारण आम्ही कोथरूडमध्ये घेतला तेव्हा मला नको तेवढं शिकायला मिळालं. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो. लोक किमतीवर महिनाभर घासाघीस करतात, दीड लाख कमी झाले की खूश होतात आणि त्याच संध्याकाळी टोकन, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, देऊन मोकळे. खरं काम टोकनच्या आधी असतं. चेक गेला की नंतर कागदात काहीही निघालं तरी अडकलेले आपणच.

आमचंच बघा. १९९० च्या आसपासची बिल्डिंग, दुसरा मजला, मालक एकदम सज्जन. म्हणाले फ्लॅट आईच्या नावावर होता, ती गेली, नॉमिनी मीच. सोसायटीचं मेंबर असल्याचा कागद म्हणजे शेअर सर्टिफिकेट, त्याच्या मागे त्यांचं नाव चढलेलं, सेक्रेटरीची सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. आम्ही ५१ हजार देऊन टाकले. आठ दिवसांनी आमच्या वकीलबाईंनी ते सर्टिफिकेट उलटं करून बघितलं आणि विचारलं, "यांना भावंडं किती?" एक बहीण निघाली, नागपूरला. मृत्युपत्र नव्हतं. नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो फक्त वारसांच्या वतीने सांभाळणारा, त्यामुळे बहिणीचं हक्कसोडपत्र रजिस्टर झाल्याशिवाय ते अख्खा फ्लॅट विकूच शकत नव्हते. बहिणीची ना नव्हती हो, पण तिची सवड, रिझर्व्हेशन, मधे दिवाळी, अडीच महिने गेले आणि तोवर आमच्या लोनच्या सँक्शनची मुदत संपली. परत सगळे कागद, परत प्रोसेसिंग फी.

म्हणून टोकनआधी झेरॉक्स मागायच्या. पहिल्या बिल्डरच्या अ‍ॅग्रीमेंटपासून आत्ताच्या मालकापर्यंत जितक्या वेळा फ्लॅट हातबदल झाला त्या सगळ्यांचे दस्त, प्रत्येकाची इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, कम्प्लिशन म्हणजे भोगवटापत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा मनपाचा दाखला), मंजूर नकाशा, चालू वर्षाची टॅक्स पावती. मालक म्हणाला "सगळं आहे हो, नंतर देतो" तर आपणही टोकन नंतर देतो म्हणायचं. मग वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे फ्लॅटच्या जुन्या नोंदींची तपासणी. आयजीआरच्या (राज्याच्या नोंदणी विभागाच्या) साइटवर ई-सर्च आहे, तिथे आपल्यालाही दस्त शोधता येतात, जुन्यासाठी मात्र वकीलच बरा. सोबत पेपरात जाहीर नोटीस द्यायची, कोणाची हरकत असेल तर तेव्हाच कळते. आम्ही नोटीस दिली असती तर ५१ हजार द्यायच्या आधी थांबलो असतो.

पुण्यात अजून एक भानगड आहे. बऱ्याच बिल्डिंगमध्ये सोसायटी नसतेच, "अपार्टमेंट" असते, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं आणि तेच मालकीचा कागद. मालकाने ते कधी करूनच घेतलं नसेल तर बिल्डरच्या सह्या लागणार, आणि वीस वर्षांनी तो बिल्डर शोधायला कोण जाणार? ब्रोकरला विचारलं तर तो "एकच आहे हो दोन्ही" म्हणेल. एकच नाहीये.

मालकाचं लोन चालू असेल तर ओरिजिनल कागद बँकेत असतात. त्याच्या बँकेकडून किती बाकी आहे ते पत्र आणि तिच्याकडे कोणते कागद आहेत ती लिस्ट मागायची. पुढे आपली बँक बाकीचा चेक थेट त्याच्या बँकेला देते. लोन फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात, हे सांगितलं की ब्रँचवाले जरा हलतात.

आता खर्च. समजा व्यवहार ८० लाखांचा. पुणे किंवा पिंपरी-चिंचवड मनपा हद्दीत स्टॅम्प ड्युटी सगळे अधिभार (मेट्रोचा धरून) मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, त्यामुळे इथे ३० हजारच. ड्युटी करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या दराच्या) मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर बसते, म्हणून "कागदावर कमी दाखवू" वाल्यांचं फार काही वाचत नाही. वर २० हजार किंवा त्याहून जास्त कॅश घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, आणि कॅशमध्ये दिलेल्या पैशाला लोन मिळत नाही ते वेगळंच.

सगळे घेणारे महिला असतील तर १ टक्का कमी, आपल्या उदाहरणात ८० हजार वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही. आता सगळेच म्हणतात बायकोच्या एकटीच्या नावावर घेऊ, घ्या की, पण हप्ता नवरा भरणार असेल आणि नाव नसेल तर त्याला होम लोनची टॅक्स सूट मिळत नाही. दोन्हीची बेरीज-वजाबाकी सीएकडे बसून करा. आमच्याकडे बायकोचाच पगार जास्त, त्यामुळे प्रश्नच मिटला, मी पाहुणा म्हणून राहतो.

व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे मालकाचा इन्कम टॅक्स, आपण कापायचा. हा ज्यादा खर्च नाही, मालकाला द्यायच्या पैशातूनच वजा होतो, पण भरायची जबाबदारी आपली. मालकाला दिलेल्या प्रत्येक हप्त्याला कापायचा आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर भरायचा, नाहीतर व्याज आणि लेट फी. टोकनसुद्धा किमतीचाच भाग असतं हे लोक विसरतात. मालक अमेरिकेत असेल (पुण्यात हे फार कॉमन आहे, मुलं तिकडे, आईवडिलांचा फ्लॅट इकडे) तर नियम वेगळे, टीडीएस १ टक्क्याहून कितीतरी जास्त आणि ५० लाखांची अट नाही. तिथे सीएशिवाय एक पाऊल टाकू नका.

सोसायटीची ट्रान्सफर फी मनपा हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, २००१ चं सरकारी परिपत्रक आहे. एका ओळखीच्यांना त्यांच्या सोसायटीने "बिल्डिंग फंड" म्हणून दीड लाख मागितले, त्यांनी परिपत्रकाची कॉपी जोडून लेखी पत्र दिलं, पुढच्या मीटिंगला विषय गुपचूप बंद. तोंडी भांडत बसू नका. वकील, ब्रोकर, बँकेकडे गहाण ठेवतानाचा खर्च हे वर. ब्रोकरचं किती ते फ्लॅट दाखवायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

प्रक्रिया साधारण अशी की आधी साठेखत, म्हणजे अ‍ॅग्रीमेंट टू सेल, करतात आणि पूर्ण ड्युटी त्याच वेळी भरतात, बँक त्यावर लोन देते, सगळे पैसे पोचले की खरेदीखत, त्याला मग नाममात्र मुद्रांक. साठेखतात ताबा कधी आणि व्यवहार फिसकटला तर कोणाचे पैसे किती दिवसांत परत, हे लिहिलेलं पाहिजेच. सही केल्यापासून ४ महिन्यांत दस्त रजिस्टर करायचा, नंतर दंड. चलन ऑनलाइन, डेटा एंट्री ऑनलाइन, वेळ बुक करता येते, तरी शेवटी प्रत्यक्ष जावंच लागतं. शहरात "हवेली क्रमांक अमुक" अशी बरीच ऑफिसं आहेत आणि त्यातल्या कुठल्याही एकात चालतं, घराजवळचंच हवं असं नाही.

त्या दिवशी अख्खी सुट्टी टाका. आमची वेळ साडेअकराची, नंबर लागला पावणेचारला, मधे सर्व्हर डाउन. हक्कसोडसाठी मालकांची बहीण आली होती त्या दिवशीही मी सोबत होतो. साठीच्या बाई, भांडी घासून घासून अंगठ्याच्या रेषाच गेलेल्या, मशीन घेईना. ऑपरेटरने ओलं फडकं दिलं, मग कोरडं, मग म्हणाला "काकू, जरा डोक्याला चोळा अंगठा." केसांचं तेल लागलं आणि लगेच हिरवा दिवा. तेव्हापासून कोणी वयस्कर बरोबर असेल तर मी आठवणीने सांगतो, तेल लावून या. आधार, पॅन ओरिजिनल, आणि दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रासकट. आणि नावाचं स्पेलिंग आदल्या रात्रीच जुळवा, जुन्या अ‍ॅग्रीमेंटात "दत्तात्रय" आणि आधारवर "दत्तात्रेय" असेल तर प्रतिज्ञापत्रासाठी पळापळ होते.

विकणाऱ्यांसाठी थोडक्यात. घर २४ महिन्यांहून जास्त ठेवलं असेल तर नफ्यावर लाँग टर्म टॅक्स, १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर निवासी भारतीयांना इंडेक्सेशन लावून (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) २० टक्क्यांनी काढायचाही पर्याय आहे, कमी येईल तो भरायचा. नफा दुसऱ्या घरात घातला तर सूट मिळते, पण २ वर्षांत विकत घ्यायचं किंवा ३ वर्षांत बांधायचं. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नसेल तर पैसे साध्या एफडीत नाही, बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवायचे.

किल्ली मिळाली तरी थोडं उरतं. सोसायटीत ट्रान्सफरचे फॉर्म, महावितरणला नाव बदल, मनपाच्या मिळकतकराला नाव बदल. आणि पुणे मनपाच्या टॅक्स बिलात स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के सवलत लागलीये का ते डोळे फाडून बघा. आमच्या फ्लॅटमध्ये आधी भाडेकरू होते त्यामुळे ती गेलेली, पीटी-३ फॉर्म आणि सोसायटीचं पत्र घेऊन मी क्षेत्रीय कार्यालयात दोन चकरा मारल्या तेव्हा पुढच्या बिलात आली.