दुपारी चारच्या आत: भेटीगाठी पुन्हा सुरू करताना

कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागली तेव्हा, ७ जून २०२१ पासून, राज्यात निर्बंधांचे पाच स्तर लागू झाले आणि आपलं नाशिक तिसऱ्यात आलं. दुकानं चारपर्यंत, मैदानावर फिरायला पहाटे पाच ते सकाळी नऊ, हॉटेलात निम्मीच माणसं आणि शनिवार-रविवारी फक्त पार्सल, असा तेव्हाचा नियम होता. वेळ एवढाच होता, त्यामुळे कुणाकडे आधी जायचं हे ठरवूनच घराबाहेर पडायचं होतं. तेव्हा माझं सांगणं एकच होतं: मिसळ नंतर, आधी ज्या घरातलं माणूस गेलं ते घर.

त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये कितीतरी घरांना भेटायला कुणी जाऊच शकलं नाही. रामकुंडावर दशक्रियेला घरचीच चार माणसं उभी, बाकी आपण सगळे फोनवर. ती भेट राहिली होती. आदल्या दिवशी फोन करून सरळ विचारा, "उद्या सकाळी येऊ का? बाहेर ओट्यावरच बसेन." समोरचं माणूस "इतक्यात नको" म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका, आठवड्याने पुन्हा विचारा. एका वेळी एक किंवा दोघांनीच जा. मास्क नाकावर ठेवा. कोविशिल्ड लशीच्या दोन डोसांत तेव्हा, जून २०२१ मध्ये, ८४ दिवसांचं अंतर होतं, त्यामुळे बहुतेकांचा दुसरा डोस बाकीच होता. म्हणून बंद खोलीपेक्षा ओटा, गच्ची, अंगण बरं.

गेल्यावर "सीटी स्कॅनचा स्कोअर किती होता, ऑक्सिजन कितीवर आला होता, रेमडेसिविर मिळालं नाही का" हे विचारू नका. त्या घरातल्या बाईने हे सगळं फोनवर प्रत्येकाला सांगितलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटत राहतं. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्यांची एखादी गोष्ट काढा. आमच्या पंचवटीतल्या शेजारच्या काकूंकडे गेले तेव्हा मी एवढंच म्हणाले, "काका बुधवारच्या बाजारातून आले की कोथिंबिरीची अर्धी जुडी आमच्या कडीला अडकवून जायचे." काकू आधी हसल्या, मग रडल्या, मग काका भाजीवाल्यांशी कशी घासाघीस करायचे ते कितीतरी वेळ सांगत बसल्या. मला काही बोलावंच लागलं नाही. निघताना "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कुणी सांगत नाही. "बँकेच्या कामाला गुरुवारी मी तुमच्याबरोबर येते," असं वार धरून बोला आणि त्या वारी जा.

दुसरा नंबर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा. वर्षभर जिना न उतरलेल्यांचे पाय गळाठतात. पहिल्या दिवशी सोसायटीच्या फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, आणि पाय सावरले की कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर न्या. सकाळी सहाच्या सुमारास गर्दी कमी असते. त्यांच्या जुन्या मित्रालाही तिथेच बोलवा. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसू देत. तुम्ही एक फेरी मारून या, त्यांचं बोलणं त्यांना करू द्या.

आता मिसळ. रविवारची सवय सोडा आणि मधल्या वारी जा. गंगापूर रोडच्या किंवा मखमलाबादच्या बाजूला मळ्यातल्या मिसळी आहेत, झाडाखाली टेबलं मांडलेली. शहरातल्या कोंदट जागेपेक्षा त्या दिवसांत त्याच बऱ्या. साडेआठच्या आत पोचा. पार्सल आणू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. घरी येईस्तोवर शेव भिजते, पापड मऊ पडतो, आणि रस्सा वाढणाऱ्याला "अजून थोडी तर्री" म्हणण्याची मजा त्यात नाही. वाढणाऱ्या पोराची विचारपूस करा. त्यातले कितीजण तेव्हा गावी जाऊन परत आले होते, मधल्या महिन्यांत पगार नव्हता. शक्य असेल तर बिलावर चार पैसे जास्त ठेवा.

भिशी, वाढदिवस, केळवण यांची घाई नको. पाच बायका एका हॉलमध्ये बसून जेवण्यापेक्षा दोघी-दोघींनी गोदाघाटावर चालत या.

आणि जूनमध्ये त्र्यंबक-पेठच्या बाजूने जांभळं येतात. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या मावशीकडून घ्या, भाव करू नका. घरी मिठाच्या पाण्यात धुवा, दोन वाट्या भरा आणि एक शेजारच्या दारात नेऊन द्या. बेल वाजवा, दोन पावलं मागे सरून उभ्या राहा, दार उघडेपर्यंत थांबा.