जर्मन नोकरीच्या करारातले कामाचे तास इंग्रजीत कसे आणावेत

जर्मन करारात कामाच्या वेळेचं कलम जेमतेम पाच-सात ओळींचं असतं. शब्दही रोजचेच: तास, दिवस, विश्रांती, जादा काम. म्हणूनच भाषांतर करणारा तिथे बेसावध राहतो आणि नोकरी करणाऱ्याला पुढे महिनोन्‌महिने चुकीचा हिशेब सांभाळावा लागतो. पुण्यात जर्मन शिकलेल्यांकडे असे करार येतात ते तिकडे निघालेल्या नर्स-इंजिनिअरकडून, नाहीतर जर्मन कंपनीच्या इथल्या ऑफिसातून. दोघांनाही इंग्रजी हवं असतं ते वाचून निर्णय घेण्यासाठी.

आधी कागद गोळा करा

करार एकटा वाचून भागत नाही. ‘टारीफफरट्राग’ किंवा ‘बेट्रीब्सफरआइनबारुंग’ असा उल्लेख दिसला तर ते कागद मागवा. पहिला म्हणजे युनियन आणि मालकपक्षातला सामूहिक करार, इंग्रजीत ‘कलेक्टिव्ह अॅग्रीमेंट’. ‘टॅरिफ’ लिहिलं तर वाचणाऱ्याला जकात आठवेल. दुसरा त्या कारखान्यातल्या कामगार मंडळाशी झालेला, म्हणजे ‘वर्क्स अॅग्रीमेंट’. तासांचे खरे आकडे पुष्कळदा तिथेच असतात, करारात नुसता हवाला असतो.

मग इंग्रजी कुठलं हवं ते विचारा. जादा कामाच्या बदल्यात मिळणारी सुटी, जर्मनमध्ये ‘फ्रायत्साइटआउसग्लाइख’, ब्रिटिश वाचकाला ‘टाइम ऑफ इन लू’ म्हणून लगेच कळते. अमेरिकनासाठी ‘कम्पेन्सेटरी टाइम ऑफ’ लिहा. ‘एक्झेम्प्ट’ (ओव्हरटाइमचा हक्क नसलेले) आणि ‘नॉन-एक्झेम्प्ट’ (तो असलेले) हे अमेरिकन कायद्याचे कप्पे मात्र जर्मन करारात आणू नका. मजकूर सरकारी कार्यालयात द्यायचा असेल तर न्यायालयाकडे शपथ घेतलेल्या अनुवादकाचं प्रमाणित भाषांतर लागेल का, हेही आधीच विचारून घ्या.

प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न

हा वेळ कायद्याने काम म्हणून मोजला जातो का? त्याचे पैसे मिळतात का? तो कधी असेल हे कोण ठरवतं? ही उत्तरं शब्दापुढे लिहून काढा आणि मगच इंग्रजी शब्द निवडा. एकदा निवडलेला शब्द शेवटपर्यंत बदलायचा नाही. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा आला की बाई खाली रेघ मारायच्या. करारात नेमकं उलट आहे. दुसरा शब्द दिसला की वकील दुसरा अर्थ शोधतो.

दिवस कुठला?

सगळ्यात महाग पडणारी चूक इथली. ‘वेर्कटाग’ म्हणजे रविवार आणि सार्वजनिक सुटी सोडून कुठलाही दिवस, त्यामुळे शनिवारसुद्धा. ‘आर्बाइट्सटाग’ म्हणजे त्या माणसाचा प्रत्यक्ष कामाचा दिवस. दोन्हींना ‘वर्किंग डे’ लिहिलं की पुढचा हिशेब बिघडतो. करारात ‘24 वेर्कटाग’ रजा असेल तर सहा दिवसांच्या आठवड्याने ते चार आठवडे होतात, म्हणजे पाच दिवस काम करणाऱ्याला 20 दिवस. इंग्रजीत ‘24 वर्किंग डेज’ वाचून तो जवळजवळ पाच आठवड्यांची रजा धरून बसेल. म्हणून पहिल्या उल्लेखातच ‘मंडे टू सॅटरडे’ असा खुलासा वाक्यात घाला.

कामाच्या वेळेचा जर्मन कायदा 1994चा आहे आणि त्याची रोजची मर्यादाही वेर्कटागवर बेतलेली आहे: दिवसाला 8 तास. 10पर्यंत नेता येतात, पण सहा महिन्यांत किंवा 24 आठवड्यांत सरासरी 8वर यायला हवी. म्हणून आठवड्याची कायदेशीर मर्यादा 48 तास निघते, 40 नव्हे. करारातला 40चा आकडा दोघांनी ठरवलेला असतो. कायद्याची मर्यादा आणि ठरलेले तास यांना इंग्रजीत एकच नाव देऊ नका.

दोन विश्रांत्या

‘रूअपाउझ’ म्हणजे कामाच्या मधली सुटी. 6 तासांहून जास्त आणि 9पर्यंत काम असेल तर किमान 30 मिनिटं, 9च्या वर 45. तुकडे पाडायचे तर प्रत्येक किमान 15 मिनिटांचा. हा वेळ कामात धरत नाहीत. ‘रूअत्साइट’ म्हणजे काम संपल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंतचा वेळ, किमान सलग 11 तास. पहिल्याला ‘रेस्ट ब्रेक’, दुसऱ्याला ‘डेली रेस्ट पीरियड’. नुसतं ‘रेस्ट’ लिहिलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात.

ड्युटीवर थांबणं: इथे शब्दकोशावर विसंबू नका

हॉस्पिटलच्या करारात हा भाग पगाराइतकाच महत्त्वाचा असतो. ‘बेराइटशाफ्ट्सडीन्स्ट’मध्ये मालकाने सांगितलेल्या जागी थांबायचं, झोपता येतं, हाक आली की लगेच कामाला लागायचं. जर्मन कायद्यात हा सगळा वेळ 2004पासून कामाचा वेळ मानला जातो. त्याआधी 2000 आणि 2003मध्ये युरोपीय न्यायालयाचे तसे निकाल आले होते. ‘रूफबेराइटशाफ्ट’मध्ये माणूस जागा स्वतः निवडतो, फक्त फोनवर सापडला पाहिजे, तिथे सर्वसाधारणपणे प्रत्यक्ष केलेलं कामच मोजतात. दोन्ही प्रकारांत मोबदला किती, हा पुन्हा वेगळा प्रश्न. कामाचा वेळ म्हणून मोजला गेला म्हणजे पूर्ण दरानेच पैसे मिळतील असं नाही.

इंग्रजीत ‘ऑन-कॉल’ आणि ‘स्टँड-बाय’ हे शब्द लोक कसेही अदलाबदल करून वापरतात, त्यामुळे शब्दांवर भार टाकू नका, जागा लिहा. पहिल्याला ‘ऑन-कॉल ड्युटी अॅट द वर्कप्लेस’, दुसऱ्याला ‘ऑन-कॉल ड्युटी अवे फ्रॉम द वर्कप्लेस’. नावं लांबलचक होतात, होऊ द्या.

जादा तास

‘यूबरश्टुंडन’ म्हणजे ठरलेल्या तासांच्या वरचे तास. ‘मेअरआर्बाइट’चा अर्थ मात्र कागदागणिक बदलतो. कुठे कायद्याच्या मर्यादेवरचं काम, तर सार्वजनिक सेवेच्या सामूहिक करारात अर्धवेळ कर्मचाऱ्याने स्वतःच्या तासांपलीकडे, पण पूर्णवेळेच्या तासांपर्यंत केलेलं काम. त्या कागदातली व्याख्या सापडल्याशिवाय ‘ओव्हरटाइम’ लिहू नका. या दुसऱ्या अर्थाला ‘अॅडिशनल अवर्स’ चालतं.

आता हे नेहमी आढळणारं वाक्य जवळून पाहा: ‘यूबरश्टुंडन झिंट मिट डेम गेहाल्ट आबगेगोल्टन.’ शब्दाला शब्द ठेवून ‘ओव्हरटाइम इज पेड विथ द सॅलरी’ लिहिलं, तर वाचणारा समजतो की पगाराबरोबर ओव्हरटाइमचेही पैसे येतील. अर्थ बरोबर उलटा आहे: पगारातच सगळं आलं, वेगळं काही नाही. ‘नो सेपरेट पेमेंट शॅल बी मेड फॉर ओव्हरटाइम, इट इज कव्हर्ड बाय द सॅलरी’ असं लिहा.

किती तास ते न सांगता सरसकट असं लिहिलेली कलमं जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयाने अस्पष्ट म्हणून अवैध ठरवली आहेत. महिन्यातले पहिले 20 जादा तास पगारात धरणारं कलम मात्र 2012मध्ये टिकलं. हे ठाऊक असलं तरी भाषांतरात कलम सुधारायचं नाही. जसं आहे तसं उतरवा आणि शंका सोबतच्या पत्रात कळवा.

छोटे शब्द

‘ग्रुंडझेत्सलिख’ म्हणजे ‘नेहमीच’ नव्हे, तर ‘अपवाद सोडून’. इंग्रजीत ‘अॅज अ रूल’. ‘मुस निख्ट’ म्हणजे गरज नाही, ‘नीड नॉट’; ‘मस्ट नॉट’ लिहिलंत तर मुभेची बंदी होते. कामाच्या वेळेची ‘लागं’ म्हणजे काम सुरू कधी होतं आणि संपतं कधी. ‘लोकेशन’ असं भाषांतर दिसलं तर बाकीचा मजकूरही संशयाने वाचा. ‘फरट्राउअन्सआर्बाइट्सत्साइट’ला, म्हणजे काम कधी करायचं ते विश्वासाने कर्मचाऱ्यावर सोपवण्याला, ‘ट्रस्ट-बेस्ड वर्किंग टाइम’ म्हणा, ‘फ्लेक्सिटाइम’ नको. फ्लेक्सिटाइम म्हणजे ‘ग्लाइटत्साइट’, त्यात तास नोंदवले जातात आणि बहुधा हजेरीची ठरावीक वेळही असते.

आकडे

जर्मन स्वल्पविराम म्हणजे आपलं दशांशचिन्ह. ‘7,80’ म्हणजे 7.8 तास, 7 तास 48 मिनिटं. 7 तास 80 मिनिटं नव्हेत. महिन्याचे तास कुठे 173,33 दिसतात, कुठे 173,92. दोन्ही 40 तासांच्याच आठवड्यावरून येतात, फक्त महिन्यातल्या आठवड्यांचा गुणक वेगळा: एकदा 52 भागिले 12, एकदा 4,348. दुरुस्ती करू नका. वेळ 24 तासांच्या घड्याळातच ठेवा. सोबतच्या ईमेलमध्ये ‘हाल्ब आख्ट’ आलं तर ते साडेसात, साडेआठ नव्हे. दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या लोकांचं ‘द्रायफिर्टल आख्ट’ इंग्रज माणसाला कोड्यात टाकतं. मराठीत ते सरळ पावणेआठ.

शेवटची तपासणी

जर्मन कागद बाजूला ठेवा आणि नुसत्या इंग्रजीवरून त्या माणसाचा आठवडा कागदावर मांडा. 39 तास, पाच दिवस, सुटी 30 मिनिटं: सकाळी 8:00ला आलेला माणूस 16:18ला सुटला पाहिजे. तुमच्या इंग्रजीतून 15:48 निघत असेल, किंवा दोन्ही वेळा निघत असतील, तर सुटी तासांत धरली आहे की नाही हे लिहायचं राहिलं आहे. मूळ कलमात ‘ओने पाउझन’ किंवा ‘आउसश्लीसलिख डेअर पाउझन’ शोधा आणि ‘एक्सक्लूडिंग ब्रेक्स’ हे दोन शब्द आकड्याच्या लगेच पुढे लिहा.