एका पगारात घर चालवताना या चुका टाळा

पैसे पुरत नाहीत म्हटलं की पहिली कुऱ्हाड भाजीवर पडते. कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच मिनिटं घासाघीस होते आणि जून आला की फीसाठी हातउसने मागायची वेळ येते. गळती भाजीत नसतेच.

ती असते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चात. समजा, हातात ३२,००० येतात आणि भाडं, किराणा, दूध, वीज, गॅस, पेट्रोल जाऊन ५,००० उरतात. आता वर्षाचं मांडा: शाळेची फी १८,०००, वह्या-पुस्तकं आणि गणवेश ६,०००, विम्याचा हप्ता १२,०००, स्कूटरचा विमा १,८००, गणपतीला गावी जाणं-येणं ७,२००, दिवाळी १५,०००. बेरीज ६०,०००, भागिले १२, म्हणजे महिना ५,०००. जी शिल्लक वाटत होती ती आधीच खर्ची पडलेली आहे. तिच्या भरवशावर नवा फोन हप्त्यांवर घेतला की वर्षभर ओढाताण ठरलेली.

उतावळे इथे आणखी एक घोळ घालतात. सुरुवात फेब्रुवारीत करतात आणि भागतात मात्र १२ने. मेअखेर २०,००० जमतात, जूनला फी आणि वह्या-पुस्तकं-गणवेशाला लागतात २४,०००. पहिल्या वर्षी उरलेल्या महिन्यांनीच भागायचं: २४,००० भागिले ४, म्हणजे ६,०००. जादाचे १,००० कुठून काढायचे, ते फेब्रुवारीतच बघा. फी भरून झाली की पुढच्या तारखा घेऊन नव्याने मांडा. हे पैसे वेगळ्या बचत खात्यात, पगाराच्या दिवशीच. त्या खात्याला यूपीआय जोडू नका आणि किमान शिल्लक लागणार नाही असंच खातं निवडा, नाहीतर दंडातच पैसे जातील.

ही तयारी नसली की क्रेडिट कार्ड बाहेर येतं, आणि मग बिलावरची ‘किमान रक्कम’ भरून लोक निर्धास्त झोपतात. २४,००० थकले आणि किमान ५ टक्के, म्हणजे १,२०० भरले असं धरा. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ८४०, त्यावर १८ टक्के जीएसटी १५१. म्हणजे १,२००तले ९९१ व्याजातच गेले, मुद्दल हललं फक्त २०९ रुपयांनी. वर थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, किराणा घेतला तरी त्याच दिवसापासून मीटर चालू. अशा वेळी कार्ड कपाटात ठेवा आणि व्याज कार्डापेक्षा कमी बसत असेल तर पतसंस्थेचं किंवा सोन्यावरचं कर्ज काढून कार्डाची थकबाकी एकदाची मिटवा. सोनं गहाण टाकायची लाज वाटते म्हणणाऱ्यांना वर्षाला ४२ टक्के व्याजाची कशी वाटत नाही, कळत नाही.

मुलाच्या नावाने बचतीची पॉलिसी आणि कमावत्या माणसाचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीत तो गेला तर घरच्यांना पैसे देणारा) नाही, हे उलटं झालं. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच जातो, तेही ध्यानात असू द्या.

तेलाचा १५ किलोचा डबा स्वस्त पडतो, पण डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो. पाच किलोचा कॅन बरा.

वाण्याकडची वही महिन्याने नाही, आठवड्याने मिटवा.

सिलिंडर लावला की त्यावर खडूने तारीख लिहा. १४.२ किलोचा सिलिंडर आपल्या घरात किती दिवस जातो हे दोन-तीन वेळा टिपलं की तो एकदम चार दिवस आधी संपला तर शेगडीची नळी आणि रेग्युलेटर तपासायला हवेत, हे लगेच कळतं.