पाळणाघरातील लहान मुलांचे जेवण: खानदेशी स्वयंपाकातूनच

पाळणाघरात सकाळी नऊला आलेले मूल संध्याकाळी सहापर्यंत राहत असेल, तर त्याला एक पूर्ण जेवण आणि त्याच्या आधी व नंतर एकेक खाणे द्यावे. लहान पोट थोड्यात भरते आणि लवकर रिकामे होते, म्हणून दोन खाण्यांत साधारण अडीच-तीन तासांचे अंतर ठेवावे आणि त्या वेळा रोज त्याच असाव्यात. अंगणवाडीतही ६ महिने ते ६ वर्षे वयाच्या मुलांना आहार दिला जातो. परंतु तो घरच्या जेवणाला जोडलेला पूरक आहार आहे, दिवसभर सांभाळायच्या मुलाचे सगळे खाणे त्यावर भागत नाही.

काय शिजवावे यासाठी फार लांब जायला नको. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी हा आपल्याकडचा मोठा ठेवा आहे, कारण धान्यात जे प्रथिनांश कमी पडतात ते डाळ भरून काढते; हीच जोडी खिचडीत आणि वरण-भातातही साधते. दोन वर्षांच्या आतील मुलाला ही भाकरी कोरडी देऊ नये. गरम वरणात चुरून, वर चमचाभर तूप घालून ती मऊ होऊ द्यावी. वांग्याचे भरीत किंवा शेवभाजी मोठ्यांसाठी होत असेल तर मिरची, काळा मसाला व जास्तीचे मीठ पडण्यापूर्वीच मुलांचा वाटा वेगळा काढावा. (झणझणीत खाण्याची सवय लहानपणीच लागली पाहिजे, हा आपल्याकडचा हट्ट मला कधीच पटलेला नाही.) पालेभाजी वा मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळल्यास त्यांतील लोह अंगी लागते. याउलट चहाने लोहाचे शोषण कमी होते, तेव्हा दुपारचा चहा-टोस्ट बंद करून त्या जागी केळे, दही किंवा गूळ-शेंगदाण्याच्या कुटाचा मऊ लाडू द्यावा. पालकांची हरकत नसेल तर उकडलेले अंडे उत्तमच. आदिवासी भागातील अमृत आहार योजनेतही मुलांना अंडे दिले जाते आणि जे अंडे खात नाहीत त्यांना केळी. कोणाला शेंगदाणे, दूध वा अंड्याची ॲलर्जी आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्यावे.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षे पाच वर्षांच्या आतील मुलाच्या हाती पडू देऊ नयेत. ती श्वासनलिकेत अडकू शकतात. द्राक्षे उभी चिरून द्यावीत, शेंगदाण्याचे कूट करावे. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. सगळ्यांनी खाली बसूनच खावे आणि वाढणाऱ्या मोठ्या माणसाने तिथेच बसून राहावे.

भरवण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. काय आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मात्र मुलावर सोडावे. सुरुवातीला ताटात थोडेच वाढावे, मागितल्यास पुन्हा द्यावे. नाक दाबून, मोबाईल दाखवून किंवा ‘बुवा येईल’ म्हणून घास कोंबल्यास मूल त्या पदार्थाचाच धसका घेते. नवी भाजी आठ-दहा वेळा पुढे आल्यावरच कित्येक मुले ती तोंडात घालतात, म्हणून नाकारलेली मेथी चार दिवसांनी पुन्हा चिमूटभर वाढावी.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा दिवसांत शिजवलेले अन्न तासाभरात संपवावे, उरलेले संध्याकाळसाठी ठेवू नये आणि मुलांना न मागताही उकळून गार केलेले पाणी वरचेवर द्यावे.

महिन्यातून एकदा वजन नोंदवावे. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पालकांना सांगून त्याला अंगणवाडी सेविकेकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, तो ११.५ च्याही खाली असेल, तर ताटात दोन घास वाढवून वाट पाहू नये, त्याच दिवशी न्यावे.