ब्लॉगचा पत्ता कुणाच्या नावावर आहे?

‘आता ब्लॉग कोण वाचतं?’ असं मला सारखं कुणीतरी विचारतं, आणि विचारणारा बहुतेक वेळा स्वतः सुरू करायच्या बेतात असतो. शीर्षकातल्या पत्त्याकडे, म्हणजे मुख्य मुद्द्याकडे, नंतर येतो; आधी कडू ते सांगून टाकतो. आज ऑफिसात काय झालं, पाऊस बघून काय वाटलं, असा रोजनिशीसारखा ब्लॉग आता अनोळखी माणसं वाचत नाहीत. ते लिखाण फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर गेलं आणि तिथेच ते शोभतं. पण गिरणगावातल्या खानावळींवर मी कधीकाळी लिहिलेला लेख अजूनही लोक शोधून काढतात. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि महिनेवारी जेवणाऱ्या कामगारांच्या जिवावर चाललेल्या या खानावळी हळूहळू कशा मिटल्या, एवढाच विषय. कुणी कळवतं, आमची आजीसुद्धा परळला डबे करायची, तिचं नाव घाला. स्टेटस दुसऱ्या दिवशी पुसलं जातं, त्याला असं पत्र येत नाही.

नव्यांना हे सगळं आयतं मिळालंय, म्हणून थोडं मागचं. १९९९ साली ब्लॉग लिहायची सोय देणारं ब्लॉगर आलं (त्यावरच्या पानांचा फुकट पत्ता म्हणजे ब्लॉगस्पॉट), २००३च्या फेब्रुवारीत ते गूगलने घेतलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात वर्डप्रेस या तशाच दुसऱ्या सोयीची पहिली आवृत्ती निघाली. एचटीएमएल, म्हणजे वेबपानं बनवायची भाषा, न येणाऱ्या माणसालाही पान छापता यायला लागलं. मुंबईला याचा उपयोग कळला तो संकटात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा इथले ब्लॉग लिहिणारे कुठे पाणी आहे, कोण अडकलंय ते लिहीत होते. ११ जुलै २००६च्या लोकलमधल्या स्फोटांनंतर ‘मुंबई हेल्प’ या ब्लॉगवर लोक आपल्या माणसांची चौकशी करत होते. आणि त्याच महिन्यात गंमत बघा: सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली, तर इंटरनेट कंपन्यांनी काही दिवस अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. कुणा एकाच्या पानासाठी सगळ्यांचं लिखाण गायब. तेव्हाच आपल्याला काहीतरी कळायला हवं होतं. असो.

मराठीचं दुखणं वेगळंच होतं. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फाँट, आणि समोरच्याकडे तोच फाँट नसेल तर अक्षरांऐवजी नुसता कचरा. कुठल्याही संगणकावर सारखंच दिसणारं युनिकोड आलं, त्यात टंकायला बरहा आणि गमभन ही साधनं आली, तेव्हा कुठे मराठी ब्लॉग खऱ्या अर्थाने सुरू झाले. ही अडचण संपली असं समजू नका. दिवाळी अंकातला तुमचा जुना लेख डीटीपीवाल्याकडून मिळाला तर तो बहुधा जुन्या फाँटमध्येच असतो. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. लेखाचा फोटो काढून चिकटवू नका. चित्रातलं मराठी शोधून वाचणारा वाचक अजून तरी विरळाच.

आता ब्लॉगचे प्रकार. त्यांच्या याद्या भरपूर आहेत, मी माझं मत सांगतो. फोटोब्लॉग इन्स्टाग्रामने गिळला. त्यावर वेळ घालवू नका. छोट्या छोट्या टिप्पण्यांचा मायक्रोब्लॉग २००६मध्ये ट्विटर आल्यापासून तिकडेच गेला. व्ह्लॉग, म्हणजे व्हिडिओतला ब्लॉग, करायचा तर खुशाल करा, पण लोकलमधून उतरल्यावर फोन उंचावून ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणणारी माणसं आधीच इतकी आहेत की दादरच्या पुलावर धड चालता येत नाही. शिवाय व्ह्लॉगला आवाज, उजेड आणि संपादन या तिन्हींची मेहनत लागते. लिहायला सोपं म्हणून ब्लॉग आणि बोलायला सोपं म्हणून व्ह्लॉग, असं निवडणारे दोघेही लवकरच थांबतात. खाण्याचा ब्लॉग, प्रवासाचा, आईपणाचा, पुस्तकांचा, शेअर बाजाराचा हे सगळे अजून चालतात, पण त्यातला खाण्याचा मुंबईत फार गर्दीचा आहे. वडापाव कुठला चांगला यावर नवीन सांगण्यासारखं काही उरलंय असं मला वाटत नाही.

मला सगळ्यात भरवशाचे वाटतात ते दोन प्रकार. पहिला एकाच छोट्या विषयाचा ब्लॉग. विषय जितका आपल्या गल्लीतला तितका बरा: कोळीवाड्यातली लग्नं, म्हाडाच्या सोडतीचे कागद, बेस्टचे बंद झालेले मार्ग, सोसायटीच्या पुनर्विकासातले करार. यातलं शेवटचं तर सोन्यासारखं आहे, कारण लोकांना त्याची गरज आहे आणि मराठीत समजेल असं लिहिणारे कमी आहेत. दुसरा प्रकार ईमेलने जाणारं वार्तापत्र. अशी वार्तापत्रं पाठवायची सोय देणारं सबस्टॅक २०१७मध्ये सुरू झालं आणि त्याने जुन्या ब्लॉगलाच टपालपेटीत नेऊन सोडलं. आपल्याकडे ही कल्पना नवीन मुळीच नाही. लोकहितवादी १८४८पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात, याच मुंबईत, टोपणनावाने जी पत्रं लिहीत होते ती दुसरं काय होती? लहान, एका मुद्द्याची, बऱ्यापैकी चिडून लिहिलेली आणि न चुकता येणारी.

विषय आधी ठरवा की आधी लिहा, यावर कार्यशाळांमध्ये फार घोळ घालतात. ‘निश’ म्हणजे आपला नेमका कोपरा शोधा, कीवर्ड म्हणजे लोक गूगलवर टाकतात ते शब्द शोधा, मग लिहा म्हणतात. मी उलट सांगेन. पंधरा-वीस लेख सुचेल त्या विषयावर लिहा, कुणालाही दाखवू नका, मग वाचून बघा की कुठल्या विषयावर तुम्ही दुसऱ्याचं न चोरता लिहिलंय. कीवर्डवाल्या मार्गदर्शकांबद्दल एवढंच सांगतो: त्यांचा स्वतःचा ब्लॉग उघडा. त्यावर ‘ब्लॉगमधून पैसे कसे कमवाल’ हा एकच विषय असेल तर फी भरायच्या आधी घरी या. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून एआयने शंभर लेख एका रात्रीत टाकायचा सल्लाही मिळतो. तो ऐकू नका. तसल्या लेखांची रास गूगलवर आधीच पडलीय, त्यात तुमची भर कुणी मागितलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. हे जरा सविस्तर आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

मला ब्लॉग स्वतःच्या पत्त्यावर न्यायचा होता, म्हणजे ब्लॉगस्पॉटवरून डॉट कॉमवर. अशा पत्त्याला डोमेन म्हणतात, आणि लेख जिथे ठेवतात त्या भाड्याच्या जागेला होस्टिंग. ब्लॉग लिहायला शिकवणारे एक सर म्हणाले, ‘डोमेन, होस्टिंग सगळं मी बघतो, तुम्ही फक्त लिहा.’ दरवर्षी पैसे द्यायचे, पावती मिळायची. लेखांवर माझं नाव, खर्च माझा, वाचक माझे. एके वर्षी सरांचा फोन लागेना. त्यांनी धंदा बदलला होता म्हणे. डोमेनची मुदत संपली आणि थोड्याच महिन्यांत त्या पत्त्यावर रमीच्या जाहिराती दिसायला लागल्या. वर्तमानपत्रांत, लोकांच्या लेखांत, जिथे जिथे माझ्या लेखांचा दुवा होता तो सगळा आता तिकडे जातो. आजही.

यात चोरी कुणी केली? कायद्याच्या नजरेने बहुधा कुणीच नाही. ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं, म्हणजे रजिस्ट्रार, तिच्या वहीत नोंदणीदार म्हणून सरांचं नाव आणि सरांचा ईमेल होता. मुंबईत राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको: चाळीत कितीही वर्षं राहा, भाडेपावती कुणाच्या नावावर फाडलीय हेच शेवटी विचारलं जातं. पैसे कुणी दिले हा प्रश्न तिथे येतच नाही.

हे आतून कसं चालतं ते बघा. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपायच्या आधी रजिस्ट्रारला दोन आठवणी पाठवाव्या लागतात, साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक. त्या सगळ्या नोंदणीदाराच्या ईमेलवर जातात. म्हणजे सरांच्या. मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवस सवलत देऊ शकतो, जास्तीत जास्त ४५. डोमेन काढून टाकलं की ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत, त्यात दंडासारखं जादा शुल्क. मग पाच दिवस काहीच करता येत नाही आणि त्यानंतर ते कुणीही घ्यावं. बरेच रजिस्ट्रार तर त्याआधीच लिलाव करतात. या साऱ्या काळात तुम्ही बाहेरून नुसते बघत राहता, कारण लॉगिन तुमचं नाही. तक्रारीची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, डॉट इनसाठी आपल्याकडेही आहे, पण दोन्हीकडे नाव किंवा चिन्हावरचा तुमचा हक्क सिद्ध करावा लागतो आणि शुल्क भरावं लागतं. गिरणगावावर लिहिणाऱ्याकडे कुठला ट्रेडमार्क?

तर आज, आत्ता, ही तपासणी करा. रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर तुमच्या स्वतःच्या ईमेलने लॉगिन होतंय का? होस्टिंगचं नव्हे आणि वर्डप्रेसचंही नव्हे, रजिस्ट्रारचं. लेख लिहायला मिळतो म्हणजे मालकी आहे, असा समज नव्या लोकांत सर्रास आहे. नोंदणीत नाव तुमचं आहे का? ईमेल तुम्ही रोज उघडता तोच आहे का? की ज्या नोकरीतून उद्या निघाल त्या कंपनीचा? नूतनीकरण आपोआप व्हावं असं ठेवलं असेल तर जोडलेलं कार्ड चालू आहे का? डोमेन दुसऱ्याकडे असेल आणि तो माणूस फोन उचलत असेल, तर त्याच्याकडून हस्तांतराचा कोड मागा, डोमेन हलू नये म्हणून लावलेलं कुलूप काढायला सांगा आणि स्वतःच्या खात्यात आणा. नुकतंच नोंदवलेलं डॉट कॉम पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, तेवढं धरून चाला. माणूस चांगला आहे, ओळखीचा आहे, मामेभाऊ आहे, काहीही असो. चांगल्या माणसांचेही फोन हरवतात.

घाबरवायचा हेतू नाही. हे काम एका दुपारचं आहे आणि एकदाच करायचंय. डोमेनची झंझट नको असेल तर फुकटचं ब्लॉगस्पॉट वाईट नाही. तिथे मुदत संपत नाही, फक्त गूगल खात्याचा पासवर्ड आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबर नीट ठेवा. मात्र लेखांची प्रत स्वतःकडे हवीच. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअप आहे, वर्डप्रेसमध्ये एक्स्पोर्ट आहे, दोन्हीकडे फाइल उतरवायला पाच मिनिटं पुरतात. परक्याची जागा कधीही बंद होते: याहूने फुकट वेबपानांचं जिओसिटीज २००९मध्ये बंद केलं, ब्लॉगांचे नवे लेख एका जागी दाखवणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ला गेलं आणि त्यातून येणारे वाचक एका रात्रीत तुटले, फेसबुकसारखं ऑर्कुट २०१४मध्ये संपलं. वार्तापत्र मला आवडतं ते याचसाठी, वाचकांच्या ईमेलची यादी उतरवून घेता येते. माझे बरेचसे लेख वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या संकेतस्थळावरून परत मिळाले. तिथे कधीकाळी कुणीतरी ते साठवले होते, निव्वळ नशीब. फोटो बहुतेक गेले.

पैशांचं थोडक्यात. ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्सला हिंदी डिसेंबर २०१४मध्ये चालायला लागली, मराठीला आणखी थांबावं लागलं. आता मराठी ब्लॉगला जाहिराती मिळतात, पण दर इंग्रजीच्या मानाने कमी. १० डॉलर जमले की पत्ता पडताळायला घरी साध्या टपालाने पिन, म्हणजे एक आकडा, येतो, आणि १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. चाळीच्या जिन्यातल्या डब्यातून तो लिफाफा नाहीसा होतो, तेव्हा पोस्टमनला आधी सांगून ठेवा. नाही मिळाला तर पुन्हा मागवता येतो. नोकरी मात्र सोडू नका. हॉटेलवाला फुकट जेवण देईल, रिसॉर्टवाला अलिबागला बोलावेल. जा, पण लिहिताना फुकट होतं हे स्पष्ट लिहा. जाहिरात मानक परिषदेने २०२१पासून तसा नियमच केलाय, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे. एकाच कंपनीकडून वर्षात २० हजारांवर किमतीच्या वस्तू किंवा सोयी मिळाल्या तर १ जुलै २०२२पासून त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर, लागतो. स्वतःच्या पैशांनी खाल्लेल्या मिसळीला यातलं काही लागू नाही, निश्चिंत खा.

तुमचा लेख व्हॉट्सॲपवर नाव काढून फिरेल. माझा एक लेख मलाच माझ्या मावशीने ‘फार छान आहे, वाच’ म्हणून पाठवला. भांडून काही होत नाही. लेखाच्या मध्येच, एखाद्या वाक्यात, आपलं नाव किंवा गाव गुंफून टाका, पुढे पाठवणारे ते काढायचा कंटाळा करतात.

सरकारी किंवा बँकेच्या नोकरीत असाल तर सेवानियम वाचूनच सुरू करा, आणि गरज वाटली तर टोपणनाव घ्या. पण डोमेनच्या नोंदणीत खरंच नाव द्या. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी रजिस्ट्रारकडे गोपनीयतेची सोय असते, नाव जगाला दिसत नाही. खोटी माहिती दिली तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि पत्ता तुमचा आहे हे दाखवायला तुमच्याकडे कागद उरत नाही.