आगीचं कारण शोधताना या चुका टाळा

‘शॉर्ट सर्किटमुळे आग’ हे पंचनाम्यात लिहायला सोपं आहे, सिद्ध करायला फार अवघड. जळालेल्या खोलीत वितळलेली वायर सापडणारच. आगीत पीव्हीसीचं आवरण जळतं, उघड्या तारा एकमेकींना टेकतात आणि शॉर्ट सर्किट होतं, म्हणजे आग आधीच लागलेली असते. तांब्याच्या तारेच्या टोकावर वितळून झालेला गोल, गुळगुळीत मणी एवढंच सांगतो की त्या वेळी तारेत वीज होती. त्याने आग लावली की आगीने त्याला घडवलं, हे नुसत्या मण्यावरून ठरत नाही.

मग काय करायचं? वायरिंगचा नकाशा काढा आणि प्रत्येक मणी त्यावर मांडा. तार एकदा तुटली की तिच्यापुढे वीज जात नाही. म्हणून एकाच सर्किटवर दोन मणी असतील, तर मीटरपासून लांबचा साधारणपणे आधीचा. आता समजा, तुम्ही आगीची सुरुवात स्वयंपाकघरात धरली आहे आणि तो लांबचा मणी मागच्या खोलीत निघाला. तुमचा अंदाज अडचणीत आला. अशी अडचण मुद्दाम शोधायची असते. अंदाजाला पूरक पुरावे तर कुणालाही गोळा करता येतात. एमसीबी (जादा वीज वाहिली की आपोआप पडणारे खटके) कुठल्या स्थितीत आहेत त्याचा फोटो कुणी हात लावायच्या आत घ्या, पण नुसत्या उष्णतेनेही एमसीबी पडतो हे ध्यानात ठेवा.

दुसरी चूक म्हणजे न तपासलेल्या ठोकताळ्यांवर विसंबणं. १९९० मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे एका घराला आग लागून सहा जण गेले. जमिनीवरच्या जळण्याच्या खुणा पाहून पेट्रोल ओतल्याचा संशय आला आणि त्या घरात राहणाऱ्या एका माणसावर खटला उभा राहिला. शेजारी जवळपास तसंच घर रिकामं होतं. सरकारी पक्षाच्याच तज्ज्ञांनी ते तसंच सजवलं आणि पेट्रोल न वापरता सोफा पेटवला. साडेचार मिनिटांच्या आसपास फ्लॅशओव्हर झाला, म्हणजे अख्खी खोली एकदम पेटली, आणि जमिनीवर तशाच खुणा उमटल्या. आरोप मागे घेतले गेले. एका माणसाचं आयुष्य त्या प्रयोगावर अवलंबून होतं, आणि तो झाला नसता तर?

काचेवरचं बारीक तडकणंही असंच. ते झपाट्याने तापल्याची खूण मानलं जायचं. प्रत्यक्षात तापलेल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं की ती तशी तडकते.

‘दुसरं काही सापडलं नाही, म्हणून कुणीतरी लावली’ हा निष्कर्ष तर लिहूच नका. आगीच्या तपासाच्या एनएफपीए ९२१ या अमेरिकी मार्गदर्शिकेच्या २०११ च्या आवृत्तीने हा युक्तिवाद अशास्त्रीय ठरवला. पुरावा पुरत नसेल तर ‘कारण अनिश्चित’ लिहा, विमा कंपनी कितीही मागे लागली तरी.

पेट्रोलचा संशय असलेल्या जागेतले, समजा गालिचाचे, नमुने साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, पेट्रोलची वाफ तिच्यातून निसटते. कोरा, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. आणि संशय नसलेल्या कोपऱ्यातला त्याच गालिचाचा तुकडा तुलनेसाठी वेगळ्या डब्यात द्या, कारण जळका गालिचा स्वतःच पेट्रोलियमसारखे घटक सोडतो.