मृग लागायच्या आधी टिनपत्रे कापून राहिले असाल तर

७-८ जूनला मृग लागते, नागपूरकडं पाऊस साधारण जूनच्या मधात पोचते, म्हणून सध्या जो तो कोठ्यावरचे (गोठ्यावरचे) नाहीतर कापसाच्या खोलीवरचे उडालेले, सडलेले पत्रे बदलून राहिला. नवीन पत्रे उतरले की कोणी ना कोणी ग्राइंडर घेऊन हजर होतेच, पाच मिनिटात काम उरकते, पण त्या गरमीनं कापलेल्या काठाचं जस्त जळते आणि ठिणग्यांतले लोखंडाचे बारीक कण पत्र्यावर चिकटून बसतात. पहिल्या दोन सरीतच लाल ठिपके दिसायला लागतात. रंगीत पत्र्याला तर ग्राइंडर लावूच नका बावा.

आठ-दहा पत्रेच कापायचे असतील तर चांगली पत्रा कात्री घ्या, नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत सगळ्या जाती भेटतात. पिवळ्या मुठीची सरळ कापते, लाल डावीकडं वळते, हिरवी उजवीकडं. पत्रा लांबीत कापायला ही मस्त, पत्र्याच्या नाळीतून सरळ चालवत न्यायची, फक्त दर वेळी तोंड पूर्ण मिटू देऊ नका, थोडं उघडं असतानाच पुढं सरकवा, नाहीतर काठावर दाते पडतात आणि तेच हाताला लागतात. आडवं कापताना मात्र नाळ्यांवर कात्री अडते, हात भरून येते. तिथं ड्रिलला लागणारं निब्लर बरं, ते पत्रा कुरतडत जाते, गरमी नाही, ठिणगी नाही. गावातल्या दोन-तीन जणांनी मिळून एक घेतलं तरी चालते.

ग्राइंडरशिवाय जमतच नसेल तर लोखंड कापायचं १ मिमीचं पातळ कटिंग व्हील लावा, व्हीलवर लिहिलेला आरपीएम (मिनिटाचे फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको, गार्ड काढायचं नाही, आणि लाकूड कापायचं दातवालं ब्लेड तर अजिबातच नाही. पत्र्याखाली बल्ली द्या, आधी सगळे उंचवटे कापा, मग पत्रा पलटवून उरलेले कापा, व्हील फसत नाही. चष्मा पाहिजेच, उन्हाचा गॉगल कामाचा नाही. अन् उन्हापायी डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक लोंबत असेल तर आधी खोचून घ्या, व्हीलनं ते ओढलं की मान सोबत जाते. कुटार (वाळला भुसा-चारा), पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), घरात ठेवलेला कापूस यांच्या जवळपास ग्राइंडर चालवायचंच नाही, मे महिन्यातल्या वाळल्या कुटाराला एक ठिणगी पुरते, पाण्याची बादली भरून ठेवा. काम सकाळीच करा, दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही.

मोजताना जोडाचं माप विसरू नका. लांबीच्या जोडाला कमीत कमी सहा इंच, उतार कमी असेल तर आठ-नऊ, आजूबाजूला दीड-दोन नाळ्या. आपल्याकडं पावसाळी वारं जास्त करून पश्चिमेकडून येते, म्हणून पूर्वेच्या टोकापासून टाकत या म्हणजे वारं जोडात घुसत नाही. अल्युमिनियम-जस्तवाल्या चकचकीत पत्र्यावर पेन्सिलनं खूण नको, तिच्या शिशानं तिथंच गंज धरते, मार्कर वापरा. कापलेला काठ वर, आढ्याच्या पट्टीखाली जाऊ द्या, कंपनीचा काठ खाली, जिथून पाणी टपकते तिकडं. कापलेल्या काठाला जस्ताचा पेंट मारा, वर चढवायच्या आधीच, नंतर कोणी शिडी लावत नाही.

जुने सिमेंटचे पत्रे कापायचं काम पडलं तर ग्राइंडर नकोच, त्यात ॲस्बेस्टॉस राहते, धूळ फुफ्फुसात गेली की निघत नाही. अख्खा पत्रा ओला करून उतरवा.

आणि कोठ्याजवळचे तुकडे. निब्लरचे अर्धगोल कण, स्क्रूचे तुटके, तारा, हे कुटारात गेले की गाय-बैल चाऱ्यासोबत गिळतात, चावून बघत नाहीत. ते पोटाच्या जाळीत अडकते, तिथून हृदयापर्यंत टोचू शकते, जनावर चारा सोडते, पाठ वाकवून उभं राहते. म्हणून कापायचं काम कोठ्यापासून लांब, खाली ताडपत्री टाकून करा, आणि संध्याकाळी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून जागेवरून दोनदा फिरवा.